जोडीदाराचा व्हिसा

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर ते व्हिसाचं ऑफिस होतं. एजंट मुलगी तिशीची असेल. तिने माझा पासपोर्ट चाळला, थायलंडचे शिक्के बघून हसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही तर तिकडचेच झालात की. आता काकींचा पासपोर्ट द्या."

"काकी नाहीत," मी म्हणालो.

"ओह, सॉरी." तिला वाटलं, वारल्या. मी तिला तसं वाटू दिलं. साठी उलटलेल्या माणसाबद्दल लोक आपणहूनच असं काहीतरी समजून घेतात आणि आपली सुटका होते.

तिने मला दोन रस्ते सांगितले. पहिला रिटायरमेंटचा व्हिसा. पन्नाशी ओलांडलेली हवी, पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा दाखला, तिकडच्या बँकेत ठेव आणि विमा. माझ्या हृदयात स्टेंट आहे म्हटल्यावर विमावाले कटकट करतील, पण होऊन जाईल, असं ती म्हणाली. दुसरा व्हिसा तिथल्या माणसाशी लग्न झालेल्यांसाठी. "त्यात भानगडी जास्त. घरी येऊन बघतात, शेजाऱ्यांना विचारतात, फोटो काढतात, खरंच एकत्र राहतात का म्हणून. पण तुमचा तो प्रश्नच नाही ना. तुम्ही सरळ रिटायरमेंट घ्या, झकास. कोणी काही विचारत नाही."

"माझा तोच प्रश्न आहे," मी म्हणालो.

"म्हणजे तिकडे कोणी मॅडम आहेत?"

"मॅडम नाहीत."

खालच्या दुकानात कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं होतं. ते थांबेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पेन खाली ठेवलं आणि आवाज हळू करून म्हणाली, "चालतं, काका. तिकडे कायदा झालाय आता. मी अजून तशी केस केलेली नाही. पण चालतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणाला तरी सांगितलं होतं, आणि तेही एका अनोळखी मुलीला, टोकन नंबर हातात धरून.

मी लिफ्टचा माणूस. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेकॅनिक म्हणून लागलो आणि सर्व्हिस इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. चाळिशीत कंपनीने मला नव्या कंट्रोल पॅनलच्या ट्रेनिंगसाठी बँकॉकला पाठवलं. तो तिथे शिकवायला होता. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, त्याचं माझ्याहून थोडं बरं. पहिल्या दिवशी मी चुकीची वायर जोडून अख्खं पॅनल बंद पाडलं, तेव्हा वर्गात एकटा तो हसला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला ते पुन्हा, सावकाश दाखवलं. त्यानंतर वीसेक वर्षं आम्ही एकमेकांचे होतो. वर्षातून एकदा मी जायचो, एकदा तो यायचा. बाकी सगळं फोनवर.

तो बोरीवलीला आमच्या घरी उतरायचा. हॉलमधल्या दिवाणावर त्याचं अंथरूण. आई त्याला 'तुझा थायलंडवाला' म्हणायची. तिला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. पण आम्ही बौद्ध, तोही बौद्ध. पहिल्याच भेटीत संध्याकाळी आई मूर्तीपुढे वंदना म्हणायला बसली, तर हा शेजारी येऊन बसला आणि तेच शब्द म्हणू लागला. आईचं 'बुद्धं सरणं गच्छामि' बीडकडच्या ठसक्यात, त्याचं कुठल्यातरी उंच, लांबवलेल्या सुरात. आई थांबून माझ्याकडे बघायला लागली. "आरं, ह्याला तर समदं येतं!" तेव्हापासून ती त्याच्यासाठी बाजरीची भाकरी थापायची आणि तो ती कुठलीही कुरकुर न करता खायचा.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईला, मुलुंडच्या ताईला, तिच्या नवऱ्याला. बोलत कोणी नव्हतं. माझ्या लग्नाचं विचारणं एका वर्षी आपोआप बंद झालं, तेवढंच.

बेत असा होता की मी निवृत्त झालो की त्याच्याकडे जायचं. उत्तरेत, डोंगराखालच्या गावात त्याचं वडिलोपार्जित घर आहे, मागे लिचीसारख्या फळांची बाग आहे. आईला वर्षाचे काही महिने ताई नेणार होती, काही महिने मी येणार होतो. बेत म्हणून तो चांगला होता. मी निवृत्त झालो त्याच वर्षी त्याच्या किडन्या निकामी झाल्या.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. म्हणजे त्याचं मुंबईला येणं संपलं. मी तातडीने गेलो. आपल्या लोकांना तिकडे व्हिसा न काढता दोन महिने राहता येतं, तसा गेलो. तिसऱ्या आठवड्यात डायलिसिस चालू असताना त्याचं ब्लडप्रेशर एकदम पडलं आणि त्याला आत नेलं. मी मागोमाग गेलो, तर दारातल्या नर्सने हात आडवा केला. तिने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, मित्र. तिने नम्रपणे, हात जोडून मला बाहेर बसवलं. त्याचा पुतण्या दोन तासांच्या अंतरावर राहतो. तो येईपर्यंत मला कुणी काही सांगितलं नाही. पुतण्या आला, आत गेला, बाहेर आला, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता फोनवर बोलत जिना उतरून गेला. मी त्या खुर्चीवर बसून समोरच्या दाराकडे बघत होतो. आत तो जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

होता. संध्याकाळी त्याला वॉर्डात आणलं तेव्हा मला कळलं.

"रिटायरमेंटचा घेतलास," तो मला त्याच रात्री म्हणाला, "तर तू माझ्या देशात पाहुणा असशील. म्हातारा, शांत, पैसे बाळगून असलेला पाहुणा. मी गेलो की पुतण्या तुला चहा देईल आणि दार लावून घेईल. मला तू पाहुणा नको आहेस."

दोन महिने भरले आणि मी परत आलो. येताना विमानात ठरवून टाकलं होतं, लग्नाचा व्हिसा. आल्यावर सगळ्यात आधी मालाडचं ते ऑफिस गाठलं. तिथे लग्न करायचं तर इथून एक कागद न्यायचा होता, मी अविवाहित असल्याचा. दिसायला सोपा कागद. पण नोटरीने सांगितलं की नुसतं तुमचं म्हणणं चालणार नाही, रक्ताच्या नात्यातल्या कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र लागेल. आई किंवा बहीण.

मी आधी ताईकडे गेलो. तिचं घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. तिने पोहे केले होते. मी सगळं सांगितलं, कुठलाही शब्द न टाळता. ती ऐकत होती आणि कोथिंबीर निवडत होती. निवडून झालेली कोथिंबीर पुन्हा निवडत होती.

"मला माहीत नव्हतं असं समजू नकोस," ती म्हणाली.

"माहीत आहे ते."

"मग आता कागदावर कशाला आणतोस? इतकी वर्षं राहिलात ना? मी कधी काही म्हटलं? तो आला की मी मटण पाठवलंय डब्यातून. तू दुसरा व्हिसा घे रे. रिटायर झालास, थायलंडला राहतोस, लोक म्हणतील मजा आहे बाबा. तुझं तू काय करायचं ते कर ना तिकडे."

"त्याच्याजवळ मला बसू देत नाहीत, ताई."

"आणि माझ्या पोरीचं काय?" तिचा आवाज चढला. आतल्या खोलीत भाची होती, म्हणून तिने तो लगेच खाली आणला. "ठाण्याचं स्थळ आलंय. चांगली माणसं आहेत. उद्या कुणी विचारलं, मामा काय करतात, तर काय सांगू? माझ्या सहीने झालं म्हणून सांगू? वर्षभर थांब. तिचं होऊ दे. मग मी येते, जिथे म्हणशील तिथे सही करते."

"त्याच्याकडे वर्ष नाही."

 मी उठलो तेव्हा तिने पोह्यांची बशी माझ्या हातात दिली. मी खाल्लेच नव्हते. दारात उभं राहून मी चार घास खाल्ले, कारण ती रडत होती आणि मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

आईला सांगायला मला आणखी काही दिवस लागले. ती पंच्याऐंशीच्या पुढे आहे, पण कान शाबूत आणि डोकं माझ्याहून चांगलं. दुपारी ती खिडकीजवळ बसून लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो. सगळं सांगितलं. तिला काहीच धक्का बसला नाही. तिने एवढंच विचारलं, "हे दोन कागद वेगळे कशानं?"

मी समजावलं. एकात मी निवृत्त माणूस म्हणून राहतो. दुसऱ्यात त्याचा जोडीदार म्हणून.

"मग पहिलाच घे."

"का?"

"पहिल्यात तू हितला राहतोस. रिटायर झालेला माणूस हिंडतो, फिरतो, घरी येतो. लगीन झालं की त्येचं घर ते तुझं घर. मी काय तुला अडवत न्हाई रं. पण लगीन करून गेलेलं माणूस माहेरी पाहुणं म्हणून येतं. मी गेले तशी. माझी आई मेली तेव्हा मला तिसऱ्या दिवशी कळलं."

"मी येईन, आई."

"समदे म्हणतात." तिने लसणाची साल झटकली. "मी सही न्हाई करायची."

एवढ्या वर्षांत मी ज्याची भीती धरली होती ते घडलंच नाही. तिला लाज वाटली नाही, राग आला नाही. आणि तरी उत्तर नाही हेच होतं. याला मी कसं तोंड देणार होतो? लाज असती तर भांडलो असतो. ती एकटेपणाला घाबरत होती आणि तिची भीती खोटी नव्हती.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते मला धड आठवत नाही. सकाळी नॅशनल पार्कच्या गेटपाशी आमचा चार-पाच निवृत्तांचा गट जमतो. चालणं कमी, बाकावर बसणं जास्त. कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाची मुलगी न्यू जर्सीत. ग्रीन कार्ड, पीआर, सुनेचा व्हिसा, मुलीच्या बाळंतपणाला गेलो तेव्हा विमानतळावर काय विचारलं. मी ऐकत असे. एकाने मला विचारलं, "तुझं थायलंडचं काय झालं?" मी म्हटलं, "चाललंय. कुठला व्हिसा घ्यावा ते बघतोय." तो म्हणाला, "अरे, रिटायरमेंट घे ना. एकटा माणूस तू, तुला काय त्रास?" मी हो म्हणालो. मग मला तिथे बसवेना. मी उठून आत, झाडीच्या बाजूला गेलो आणि एका झाडाच्या बुंध्याला हात टेकवून उभा राहिलो. छातीत दुखत होतं. स्टेंटचं असेल असं वाटलं. ते तसलं दुखणं नव्हतं.

तो फोनवर दिवसेंदिवस कमी बोलायला लागला. डायलिसिसच्या दिवशी तर नाहीच. एकदा त्याने चार दिवस फोन उचलला नाही. मी हॉस्पिटलला फोन केला. इंग्रजी येणारं कुणीतरी मिळायला वेळ लागला, आणि मिळालं तेव्हा त्यांनी विचारलं, रिलेशन? मी म्हटलं, हजबंड. तोंडातून निघून गेलं. पलीकडून बाईने संगणकात बघितलं आणि म्हणाली, यांच्या नोंदीत तसं काही नाही, सर. पुतण्याचा नंबर आहे, तो देऊ का?

पुतण्याला मी मेसेज केला. त्याने अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ काय काढायचा?

पाचव्या दिवशी त्याचा स्वतःचाच फोन आला. जंतुसंसर्ग झाला होता, ताप होता. आवाज पार बसलेला. तो म्हणाला, "ऐक. तुझी आई बरोबर आहे. बहीणही बरोबर आहे. तू रिटायरमेंटचा घे. नाहीतर घेऊच नकोस. तिथेच राहा."

"येऊ नको म्हणतोस?"

"मी दमलोय रे. मला तुझी वाट बघण्याचाही त्रास होतो आता."

मी मालाडला गेलो. एजंट मुलीला म्हटलं, रिटायरमेंटचंच करून टाका. तिने काही न विचारता अर्ज काढला. 'तिथला पत्ता' या रकान्यापर्यंत आलो आणि थांबलो. त्याचं घर लिहायचं, आणि नातं लिहायचं: घरमालक. तसंच लिहितात, म्हणाली ती. मी अर्ज तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "उद्या येतो." ती म्हणाली, "काका, पाणी प्या." मी पाणी प्यायलो.

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं की तुझ्या मनासारखं होतंय, पहिलाच कागद करतोय. सांगताना माझा चेहरा कसा होता कोण जाणे.  ती म्हणाली, "तो आजारी झाला तेव्हा तुला आत सोडलं न्हाई म्हणत होतास."

"हो."

"आन तो मेला तर तुला कोण सांगणार?"

"त्याचा पुतण्या. सांगितलं तर."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली. मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. मी लहान असताना आम्ही माहुलला राहायचो. वडील तिकडे एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते. त्यांच्यासोबतचा एक जण न्यूमोनियाने सरकारी दवाखान्यात गेला. त्याची बायको गावाला होती. इथे तो दुसऱ्या बाईबरोबर राहायचा. चांगली आठ-दहा वर्षं. त्याचं जेवणखाण, दुखणंखुपणं सगळं तिने केलेलं. तो गेला तेव्हा गावाहून बायको आली, भाऊ आला. त्यांनी मृतदेह ताब्यात घेतला आणि गावी नेला. ही बाई दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी होती.

"आत का गेली नाही?"

"कोण म्हणून जायची? शिपायानं इच्चारलं तर काय सांगायची?" आई म्हणाली. "मी गेले होते तुझ्या बापासंगं. तिला पाणी नेऊन दिलं. तिनं तांब्या धरला पण पाणी पिली न्हाई. गाडी निघाली तरी तशीच उभी. मग मला म्हणाली, वहिनी, त्येंच्या पायात ते निळे मोजे होते का बघितलं का तुमी, त्येंना थंडी वाजायची." आईने पदराने तोंड पुसलं. "तुझं तसं नको."

"पण तू म्हणाली होतीस..."

"म्हणाले हुते. अजून म्हणते. तू गेलास की मी रोज दाराकडं बघणार हाय. पण सही करते. कुठं करायची?"

बोरीवलीच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांच्या रांगेत नोटरी बसतो. आईला रिक्षाने नेलं. काळा कोट घातलेल्या त्या माणसाने प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचलं: माझा मुलगा आजपर्यंत अविवाहित आहे. मग चष्म्यावरून आईकडे बघून, गंमत म्हणून विचारलं, "आजी, आता या वयात लग्न लावताय? कोण मुलगी?"

"ते कागदात इच्चारलंय का?" आई म्हणाली.

"नाही, कागदात नाही..."

"मग मला कशाला इच्चारता?"

तिने सही केली. तिला लिहिता येतं ते प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं. प्रत्येक अक्षर वेगळं, रेषेवर बसवलेलं. नोटरीने शिक्का मारला. त्यावर आणखी शिक्के हवे होते, मंत्रालयाचा, मग दिल्लीचा. ते येईपर्यंत मी रोज त्याला फोन करून जिवंत ठेवत होतो असं मला वाटत होतं. तो ऐकत होता, बोलत नव्हता. शिक्के आले, तसं आईला मुलुंडला ताईकडे सोडलं आणि मी निघालो.

लग्न त्याच्या तालुक्याच्या ऑफिसात झालं. तो चाकाच्या खुर्चीत होता. हाताला डायलिसिसची पट्टी तशीच. समोरच्या बाईने त्याला काहीतरी विचारलं, त्याने मान हलवली, तिने पुन्हा विचारलं, तेव्हा तो मोठ्याने बोलला. मला एक शब्द कळला नाही. पण मागे बसलेली दोन-चार माणसं हसली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणालास? तो म्हणाला, "तिने विचारलं, स्वखुशीने करताय का? मी म्हटलं, बाई, वीस वर्षं याच्या आईच्या भाकऱ्या चावल्यात, आता तरी करू द्या."

त्यानंतरचे अडीच-तीन महिने. त्यांच्याविषयी मी फार सांगणार नाही. सकाळी मी त्याचं वजन करायचो, पाणी मोजून द्यायचो. हॉस्पिटलात तीच नर्स आता मला आत जाऊ द्यायची आणि खुर्ची आणून द्यायची. पुतण्याही हळूहळू बोलायला लागला. व्हिसाचा अर्ज दिला होता. तिथले अधिकारी घरी येऊन गेले, आमचा दारात उभं राहून फोटो काढला, शेजारच्या बाईला विचारून गेले. अर्ज विचाराधीन असल्याचा शिक्का मिळाला. महिन्याभराने पक्का होईल म्हणाले. तोपर्यंत देश सोडायचा असेल तर परत येण्याची वेगळी परवानगी आधी घ्यायची. न घेता गेलो तर केलेलं सगळं रद्द.

शनिवारी दुपारी ताईचा फोन आला. "आई पडली. मोरीत. खुब्याचं हाड मोडलंय. सोमवारी ऑपरेशन म्हणतायत. या वयात भूल द्यायची म्हणजे... तू ये रे. ती सारखी दाराकडे बघतेय."

तिथलं ऑफिस शनिवार-रविवार बंद. सोमवारी सुट्टी. विमानतळावरच्या खिडकीत गेलो तर त्यांनी शिक्का बघून मान हलवली. अर्ज पक्का झालेला नव्हता, त्यांना काही करता येत नव्हतं. गेटच्या बाहेर तो पुतण्याच्या गाडीत बसला होता. मी परत येऊन काच खाली करायला लावली आणि सांगितलं.

"जा," तो म्हणाला.

"सगळं पुन्हा करावं लागेल."

"लग्न पुन्हा नाही करावं लागणार ना? मग जा. तिला सांग, मी पाठवलं."

मुलुंडच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा आईला ऑपरेशनसाठी तयार करत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं की नाही ते मला कळेना. मग म्हणाली, "रजा मिळाली व्हय?" मी म्हटलं, "मिळाली." तिला आत नेलं. ताई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. ताई माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली, लहानपणीसारखी. ठाण्याचं स्थळ मोडलं होतं, दुसऱ्याच कारणाने, हुंड्याच्या बोलण्यावरून. तिने ते सांगितलं आणि म्हणाली, "मी उगीच घाबरले."

"उगीच नाही घाबरलीस."

ऑपरेशन झालं. आई वाचली, पण घरी आल्यावर ती पूर्वीची राहिली नाही. काही दिवस मला वडिलांच्या नावाने हाक मारते. काही दिवस सगळं नीट आठवतं आणि विचारते, त्याचं रक्त साफ करतात ते झालं का आज? तिला उठवायला, बसवायला दोन माणसं लागतात. ताई मुलुंडहून आमच्याकडे बोरीवलीला राहायला आली. नवरा आणि मुलगी तिकडे.

मी मालाडला पुन्हा त्याच खुर्चीवर बसलो. एजंट मुलीने लग्नाचा दाखला दोन्ही हातांनी धरून नीट वाचला, न कळणाऱ्या लिपीतला, आणि म्हणाली, "काका, या वेळी इथूनच करू, जोडीदाराचा. पण अभिनंदन तर करू द्या आधी." मी हसायचा प्रयत्न केला. मला तिथेच रडू आलं. बाकीचे टोकनवाले बघत होते. तिने मला रडू दिलं आणि मग अर्ज भरायला घेतला.

अर्ज जाऊन काही आठवडे झाले. अजून उत्तर नाही. तसाच गेलो तर पुन्हा दोन महिन्यांचा पाहुणा. त्याचं वजन पुन्हा घटलंय. पुतण्या आता स्वतःहून फोन करतो, हे चांगलं की वाईट लक्षण ते मला ठरवता येत नाही. मी इथे असलो की तिथे त्याला एकटं टाकलंय, तिथे गेलो की इथे आईला. जोडीदाराच्या व्हिसाने एवढंच झालं की दोन्हीकडे मी कोण आहे ते आता कागदावर आहे. मी कुठे असावं हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.

काल ताई आईचे केस विंचरत होती. मी फोनवर त्याच्याशी बोलत होतो. ती मध्येच म्हणाली, "दे इकडे."

मी फोन तिच्या हातात दिला. एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी थेट कधी बोलली नव्हती. तिने पडद्यावर त्याचा चेहरा बघितला. तो किती खराब झालाय हे तिला माहीत नव्हतं. तिने फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "मी ह्याला काय म्हणू रे? भावाच्या बायकोला वहिनी म्हणतात. ह्याला काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत," मी म्हटलं. "शब्दच नाही."

 तिने हात काढला आणि मराठीतच, जरा ओरडून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "दादा, औषध घेतलं का? तुम्ही काळजी करू नका. व्हिसा आला की याला पाठवते मी. आईचं मी बघते."

त्याला काय कळलं कोण जाणे. तो हात जोडून कितीतरी वेळ मान हलवत होता. आईने विचारलं, कोण आहे? ताईने फोन तिच्यापुढे धरला.

तिकीट मी पुढच्या आठवड्याचं काढून ठेवलंय. व्हिसा अजून आलेला नाही.